ओट्सचा कप म्हणजे नक्की किती ग्रॅम?

प्रश्न: ताई, रेसिपीत दोन कप ओट्स लिहिलंय, माझ्याकडे वजनकाटा आहे पण मापाचे कप नाहीयेत. एक कप म्हणजे २५० ग्रॅम धरून कुकीज केल्या तर पीठ इतकं कोरडं झालं की वळेचना. काय चुकलं?

उत्तर: अगं, इथेच सगळ्यांची गफलत होते, २५० हे मिलिलिटर आहेत, ग्रॅम नाहीत! पाण्याला ते चालतं कारण २५० मिली पाणी म्हणजे २५० ग्रॅमच, पण ओट्स म्हणजे आपल्या पोह्यांसारखे, चपटे आणि हलके, मधे हवाच जास्त. साधे रोल्ड ओट्स एक कप म्हणजे साधारण ८० ते ९० ग्रॅम, म्हणजे तुझे दोन कप झाले १६० ते १८० ग्रॅम आणि तू घातलेस ५००, जवळजवळ तिप्पट, मग ते सगळं पाणी शोषणारच ना.

स्टील कट ओट्स मात्र दलियासारखे तुकडे असतात, ते कपात गच्च बसतात, एका कपाला १६० ते १७५ ग्रॅम भरतात. त्यामुळे रेसिपीत कुठले ओट्स म्हटलेत ते आधी बघ. पिठासाठी दळणार असशील तर ओट्स वजन करूनच घे, दळल्यावर माप कमी दिसतं पण ग्रॅम तेवढेच राहतात.

आणि घरातली वाटी कप म्हणून वापरू नकोस गं, प्रत्येकीची वाटी वेगळी. वापरायचीच असेल तर काट्यावर ठेवून शून्य कर, पाण्याने काठोकाठ भर, जितके ग्रॅम तितके मिली.