क्रिलचा आवाज वाचायला शिकताना

खानापुरात राहून ध्रुवीय समुद्राचा अभ्यास कसा जमणार, असं विचारलंस. जमतो की! चोर्ला घाट उतरलास की गोवा, आणि तिथे वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. सुरुवातीला मात्र थोडंच धर: क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव, प्रतिध्वनीवरून ओळखायला शिक.

इकोसाउंडर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपणारं यंत्र, प्राणी दाखवत नाही, परत आलेला आवाज दाखवतो. नवखे इथंच फसतात. पडद्यावर दाट डाग दिसला की 'क्रिल' लिहून मोकळे! अंगात हवेची पिशवी असलेले थोडे मासेही तेवढाच जोरदार प्रतिध्वनी देतात. म्हणून ३८ आणि १२० किलोहर्ट्झच्या नोंदी शेजारी ठेवून बघ. क्रिल १२० वर जास्त ठळक उठतो. तरीही जाळं टाकून खात्री झाल्याशिवाय नाव देऊ नकोस.

- कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचं माप ताडून घेणं, चुकवू नकोस. टंगस्टन कार्बाइडचा छोटा गोळा यंत्राखाली टांगून, शक्यतो त्याच थंड पाण्यात. मी एकदा आळस केला, अख्ख्या फेरीचे आकडे वाया गेले. अजून हळहळ वाटते.
- वेळ लिही. बरेच प्लवक (पाण्यासोबत वाहणारे छोटे जीव) रात्री वर येतात, दिवसा खोल जातात.

सूत्रं नंतर बघू. आधी रोज एक इकोग्राम (पडद्यावरचं प्रतिध्वनीचं चित्र) छाप, पेन्सिलीनं खुणा कर, आणि अडलं की मला विचार बाळा.