जामीन झाला, पण माणूस सुटला का?

प्रिय नव्या सहकाऱ्यास,

सहाय्यक लोक अभिरक्षक, म्हणजे गरीब आरोपींची मोफत बाजू मांडणारा वकील, म्हणून रुजू होताच फायलींचा गठ्ठा समोर येईल आणि वाटेल, आता आधी उलटतपासणी शिकायची. ती शिकशीलच. पण वकील लावायची ऐपत नसलेल्या माणसाचं सर्वांत जास्त नुकसान दोन ठिकाणी होतं: पहिल्या रिमांडला (अटकेनंतर कोठडीसाठी कोर्टात हजर करतात तेव्हा), आणि जामिनाचा आदेश झाल्यानंतर. दोन्ही ठिकाणी युक्तिवाद थोडा. कागद आणि तारखाच जास्त.

रिमांडच्या दिवशी आरोपीशी बोलायला जेमतेम पाच-दहा मिनिटं मिळतात, तीही शेजारी पोलीस उभा असताना. ऐकू जाणार नाही इतकं त्याला लांब उभं करायला कोर्टाला विनंती कर. ‘तू केलंस का?’ हा प्रश्न तिथे नको. कुठून आणि किती वाजता उचललं, घरी कळवलं का, मारहाण झाली का, वय किती, आधीच्या केसेस कुठल्या पोलीस ठाण्यात, आणि घरच्या कोणाचा नंबर तोंडपाठ आहे, हे विचार. शेवटचा प्रश्न विसरलास तर पुढे जामीनदार शोधायला माणूसच सापडत नाही, कारण मोबाईल जप्त झालेला असतो. वय अठराच्या आसपास वाटलं तर पोलिसांनी लिहिलेला आकडा धरू नकोस. बाल न्याय कायद्याच्या कलम 94 मध्ये क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी.

मग कागद. अटक आणि कोर्टात हजर करणं यांत प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांपेक्षा जास्त गेले का? अटकेची कारणं लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत दिली का? ती रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितलं आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पुढे नुसतं ‘कलम’ म्हटलं की याच कायद्याचं) कलम 35 ची, अटक न करता हजर राहायला सांगणारी नोटीस देऊन का भागलं नसतं, हेही पोलिसांनी लिहायला हवं. ‘तपास बाकी आहे’ हे उत्तर नव्हे. हरकत नुसती तोंडी घेऊ नकोस. चार ओळींचा अर्ज दे आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत, ती आली का ते बघ. नोंद नसलेली हरकत वरच्या कोर्टात कोणी ऐकत नाही.

त्याच संध्याकाळी डायरीत एक तारीख टाक. संहितेच्या कलम 187 प्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून, आणि तो दिवस धरून. 3 मार्चला पहिला रिमांड झाला तर साठावा दिवस 1 मे. अर्ज 2 मेला, कोर्ट उघडताच. सुट्टी असेल तर सुट्टीच्या कोर्टात. अर्ज सकाळी गेला आणि दोषारोपपत्र दुपारी आलं, तर हक्क टिकतो. उलट झालं तर गेला. म्हणून अर्जावर दाखल केल्याची वेळ लिहून घे. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला 90 दिवस असतात. म्हणून मध्येच एखादं जड कलम वाढवलं गेलं, तर फिर्यादीतल्या हकिकतीला ते खरंच लागतं का, हे तपास. अमली पदार्थांच्या व्यावसायिक प्रमाणाच्या केसेसना 180 दिवसांचा वेगळा हिशेब आहे.

काही महिने आत काढलेला माणूस म्हणेल, ‘साहेब, कबूल करतो, भोगलेल्या दिवसांवर सोडवा.’ कधी कधी ते शहाणपणाचंही असतं. पण होकार देण्याआधी त्याला समजावून सांग: कलम 479 प्रमाणे कच्च्या कैद्याने (ज्याचा खटला अजून संपलेला नाही) कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की तो जामिनाला पात्र होतो, आणि आधी कधीच शिक्षा न झालेला असेल तर एक तृतीयांश काळ पुरतो. (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तर ही वाट अडते.) साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्या वेळेला एक वर्ष. आज घाईने कबुली दिली की पुढच्या केसमध्ये तो ‘पहिल्यांदा’ राहत नाही. हे त्याला दुसरं कोणी सांगणार नाही.

खटल्याबद्दल एकच सांगतो, कारण नव्या वकिलांकडून हे हमखास राहतं. साक्षीदार कोर्टात जे बोलला ते पोलीस जबाबात नाही, असं उलटतपासणीत काढून आपण खूश होतो. पण ती विसंगती तेवढ्याने शाबीत होत नाही. तपास अधिकारी पिंजऱ्यात आला की त्याच्याकडूनही ते काढून घ्यावं लागतं. साक्षीदारागणिक अशा जागांची यादी फाईलच्या आतल्या बाजूला चिकटव. तपास अधिकाऱ्याची तारीख वर्षभराने लागते आणि तोवर काहीच आठवत नाही.

आता जामीन. ‘पंधरा हजारांचा जातमुचलका (आरोपीचं स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार’ असा आदेश झाला की फाईल बाजूला पडते. खरं काम तिथून पुढे. जामीनदाराला ओळखपत्र, राहण्याचा पुरावा, फोटो आणि सात-बारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक लागतं. कुठे कुठे ऐपतीचा दाखलाही मागतात. परगावच्या मजुराकडे यातलं काहीच नसतं. म्हणून जामीन अर्जातच मागणी कर की तूर्त रोख जामीन घ्यावा आणि जामीनदारासाठी चार आठवडे द्यावेत. स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरला गेला तर 1978 चा मोतीराम निकाल पुढे ठेव: तिथे दहा हजारांचा जामीन मागितला होता एका गवंड्याकडे, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला होता. रक्कमच झेपत नसेल तर सत्र न्यायालयात कलम 484 खाली कमी करून माग. गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून आठवड्यात जामीनदार मिळाला नाही, तर कलम 478 त्याला निर्धन मानतं. जातमुचलक्यावर सोडावं लागतं.

बाँड (हे हमीपत्र) मंजूर झाला तरी तुरुंगाच्या दारात दोन गोष्टी आडव्या येतात. एक, नाव: फिर्यादीत एक, तुरुंगाच्या नोंदीत दुसरं, आदेशात तिसरं. आदेश टाईप झाला की नाव, गुन्हा क्रमांक आणि कलमं तिथेच ताडून बघ. दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी पाच मिनिटांत होतो, नंतर त्याला चार दिवस जातात. दोन, दुसऱ्या केसमधलं प्रोडक्शन वॉरंट, म्हणजे कैद्याला तिथे हजर करा असा तुरुंगाला दिलेला कोर्टाचा हुकूम. पहिल्या दिवशी आधीच्या केसेस विचारायच्या त्या यासाठीही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये घालून दिलेली मुदत भिंतीवर लावून ठेव: आदेशानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिन्याभरात बाँड भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. कळवण्याची वाट बघू नकोस. आठव्या दिवशी तूच तुरुंगात फोन लाव, आणि एकतिसाव्या दिवशी अर्ज तयार ठेव.

तुझ्या कामाला शुभेच्छा,
एक ज्येष्ठ सहकारी