शाम्पू न वापरता केस नैसर्गिक पद्धतीने कसे धुवावेत?

शिकेकाई आणि रिठा यांनी केस निश्चितच स्वच्छ होतात, कारण या दोन्हींत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात, जी पाण्यात फेस करतात आणि केसांवरील तेल व मळ सुटा करून पाण्याबरोबर वाहून नेतात. खांद्यापर्यंतच्या केसांसाठी शिकेकाईच्या पाच-सहा शेंगा, बिया काढलेले तीन-चार रिठे आणि थोडी आवळकाठी रात्री दोन-तीन पेले पाण्यात स्टीलच्या पातेल्यात भिजत घालावी, सकाळी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे उकळावी आणि कोमट झाल्यावर हाताने कुस्करून पातळ फडक्यातून गाळावी. हे गाळणे टाळू नये. बाजारची पूड तशीच चोळली की चोथा केसांत अडकून राहतो आणि माझ्या मते याच कटकटीमुळे बहुतेक जण पुन्हा शाम्पूकडे वळतात.

फेस कमी येतो, म्हणून केस अस्वच्छ राहिले असे समजू नये. मात्र भरपूर तेल लावलेले असल्यास हे पाणी दोनदा लावावे लागते. डोळे घट्ट मिटून घ्यावेत, कारण रिठा फार झोंबतो (दिवाळीतल्या अभ्यंगस्नानाची आठवण असणाऱ्यांना हे सांगायला नको). केस मुळातच कोरडे असल्यास रिठा कमी करून शिकेकाई वाढवावी. खाण्याचा सोडा मात्र मुळीच वापरू नये. तो अल्कधर्मी असल्याने केस राठ होतात.