इंग्लंडमधली गवताने शाकारलेली जुनी घरं कशी बांधायचे?

एकच घर घेऊन सांगतो, म्हणजे बांधणी नीट कळेल. ईस्ट ससेक्समधल्या आल्फ्रिस्टन गावात चर्चशेजारी ‘क्लर्जी हाउस’ आहे. घर चौदाव्या शतकातलं. सांगाडा ओक लाकडाचा, आणि भिंती म्हणाल तर चक्क आपल्या कोकणातल्या कुडासारख्या: काटक्या विणायच्या, वर माती, पेंढा, शेण यांचा गिलावा.

मधला दालनभाग थेट छपरापर्यंत उघडा. अशा घरांत सुरुवातीला धुराडं नसायचं. चूल जमिनीवर मध्यभागी, धूर वर जाऊन छपरातून वाट काढायचा. दोन्ही टोकांना मात्र दुमजली खोल्या, म्हणजे माडीची सोय तिथेच.

मला सगळ्यात आवडते ती जमीन. खडूचा चुरा धुम्मस करून ठोकलेला आणि त्यावर आंबट दुधाचे हात दिलेले! आपण शेणाने सारवतो, त्यांनी नासलेलं दूध वापरलं. ती वाळून चांगली टणक होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घर पडायला आलं होतं. ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या, नुकत्याच स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ते 1896 मध्ये विकत घेतलं, किंमत फक्त 10 पौंड. ट्रस्टने घेतलेली ही पहिली इमारत. डागडुजीचा खर्च अर्थातच त्याच्या कितीतरी पट झाला.

आणि हो, अशा घरांना ‘कॉटेज’ म्हणतात म्हणून गरिबाची झोपडी समजू नका. असं घर त्या काळी खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्यालाच परवडायचं.