शिक्षा थांबली म्हणजे दोष पुसला का?

एखाद्या आमदार-खासदाराला न्यायालयाने दोषी ठरवलं की त्याच शंका नव्याने येतात, आणि बहुतेकांचं मूळ ‘स्थगिती’ या एका शब्दात असतं. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी काहींना उत्तरं देत आहे.

प्रश्न : बरोबर दोन वर्षांची शिक्षा झाली तर पद जातं का? कायद्याला दोन वर्षांहून जास्त लागते ना?

जातं. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 8(3) मध्ये ‘दोन वर्षांपेक्षा कमी नाही’ असे शब्द आहेत. अपात्रता दोषसिद्धीच्या, म्हणजे दोषी ठरवल्याच्या तारखेपासून लागते आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं राहते. भ्रष्टाचारासारख्या कलम 8(1) मधल्या गुन्ह्यांत तर नुसता दंड झाला तरी अपात्रता येते.

प्रश्न : अपिलासाठी तीन महिने मिळतात, तोवर पद सुरक्षित असतं असं आमच्या गटावर फिरतंय.

जुनं झालं ते. तीन महिन्यांची सवलत देणारं कलम 8(4) सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 2013 ला लिली थॉमस खटल्यात रद्द केलं. तो मजकूर पुढे पाठवू नका.

प्रश्न : आमच्या नेत्याला जामीन मिळाला, शिक्षेलाही स्थगिती मिळाली. तरी ते अपात्र कसे?

निकालात दोन वेगळ्या गोष्टी असतात. ‘आरोपी दोषी आहे’ ही दोषसिद्धी आणि ‘त्याने इतका काळ तुरुंगात राहावं’ ही शिक्षा. शिक्षा स्थगित झाली की माणूस तुरुंगाबाहेर राहतो, एवढंच. दोष तसाच उभा असतो, आणि अपात्रता त्या दोषाला चिकटलेली असते.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या प्रकरणात सुनील केदार यांना 22 डिसेंबर 2023 ला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि सावनेरची आमदारकी गेली. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. आमदारकी मात्र परत आली नाही, कारण दोषसिद्धीला स्थगिती नव्हती.

गोंधळ वाढतो तो बातमीच्या मथळ्यामुळे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल तर शिक्षा सुनावणारं न्यायालयच अपिलापुरता जामीन देऊ शकतं आणि तेवढ्या काळात शिक्षा स्थगित मानली जाते. मथळा येतो ‘शिक्षेला स्थगिती’, आणि कार्यकर्ते पेढे वाटतात.

दोषसिद्धीला स्थगिती हवी तर अपिलाच्या न्यायालयात ती स्पष्ट शब्दांत मागावी लागते. आज ती मागणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 430 खाली होते, पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 389 खाली होत असे. अर्जात तशी स्वतंत्र मागणी नसेल तर न्यायालय आपणहून देत नाही. ‘राजकीय कारकीर्द धोक्यात आहे’ एवढं लिहून भागत नाही. कोणतं पद जातं, कोणती निवडणूक हुकते, अर्ज भरण्याची तारीख काय आणि ते नुकसान नंतर भरून का निघणार नाही, हे कागदपत्रांसह मांडावं लागतं. 2006 च्या रविकांत पाटील निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं : अशी स्थगिती अपवादात्मक प्रकरणांतच द्यायची, आणि परिणाम न्यायालयासमोर नेमके मांडायला हवेत.

सर्वांत जास्त नुकसान उशिराने होतं. सत्र न्यायालयात अपिलाला 30 दिवस आणि उच्च न्यायालयात 60 दिवस मिळतात, निकालाची प्रमाणित प्रत मिळायला लागलेला वेळ त्यात मोजला जात नाही. पण अपिलाची मुदत शिल्लक आहे म्हणून स्वस्थ बसणाऱ्याचं पद तेवढ्यात जातं. उमेदवाराची पात्रता अर्ज छाननीच्या तारखेला तपासली जाते. स्थगिती त्यानंतर आली तर त्या निवडणुकीपुरता तिचा उपयोग नाही. निकाल लागल्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा आणि फौजदारी अपिलं चालवणाऱ्या वकिलाला गाठा.

प्रश्न : राहुल गांधींच्या शिक्षेला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. म्हणजे सुरतचा निकाल चुकीचा ठरला ना?

नाही. 4 ऑगस्ट 2023 चा तो आदेश निर्दोष मुक्तता नव्हता, आणि स्थगिती नुसत्या शिक्षेला नव्हे, दोषसिद्धीला होती. म्हणूनच खासदारकी परत आली. खटला ‘मोदी’ आडनावावरच्या वक्तव्याबद्दल बदनामीचा होता. बदनामीच्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा आहे आणि सुरतच्या न्यायालयाने 23 मार्चला तेवढी पूर्ण दिली. एक दिवस कमी असता तरी खासदारकी टिकली असती. ती कमाल शिक्षाच का, याची पुरेशी कारणं निकालात नाहीत, आणि परिणाम वायनाडच्या मतदारांवरही होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं. हा आक्षेप मला रास्त वाटतो. ज्या शिक्षेने मतदारसंघ रिकामा होतो, तिची कारणं लिहिणं हे न्यायाधीशाचं कामच आहे. एका आडनावाचे सगळे लोक कायद्याच्या दृष्टीने ओळखता येईल असा निश्चित समूह ठरतात का, हा मूळ वाद मात्र त्या आदेशाने संपला नाही. तो अपिलाचा विषय.

प्रश्न : तीन गुन्ह्यांत एकेक वर्ष शिक्षा झाली, तर?

एकामागून एक भोगायच्या असतील तर बेरीज तीन वर्षं, म्हणजे अपात्र. 2005 च्या के. प्रभाकरन निकालापासून हेच धरलं जातं. एकत्र भोगायच्या असतील तर प्रश्न वेगळा. निकालाचा शेवटचा, आदेशाचा भाग वकिलाला दाखवा.

प्रश्न : दोषी माणूस मतदान करू शकतो?

तुरुंगात नसेल तर बहुतेक वेळा हो. काही निवडणूक-गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याचा मात्र मतदानाचा हक्कही काही काळ जातो.

प्रश्न : मारामारीच्या खटल्यात आठ महिने शिक्षा भोगून जून 2022 मध्ये सुटलो. ग्रामपंचायतीला उभा राहू का? अर्ज भरून देणारा म्हणतो, दोन वर्षांखालची शिक्षा चालते, अर्जात लिहायचीही गरज नाही.

त्याला पैसे देऊ नका. दोन वर्षांची मर्यादा विधानसभा-लोकसभेची. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये ती सहा महिन्यांची आहे, आणि सुटकेपासून पाच वर्षं जावी लागतात. म्हणजे तुमच्यासाठी जून 2027. एखाद्या प्रकरणात हा काळ कमी करण्याचा अधिकार शासनाला आहे, पण तो आदेश आधी हातात हवा. शिक्षा लपवून निवडून आलात तर विरोधक निकालाची प्रत काढेल, सदस्यत्व जाईल आणि खोट्या माहितीबद्दल नवा खटला उभा राहील. निकाल आणि सुटकेचा दाखला घेऊन तालुक्याच्या वकिलाकडे जा, निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होण्याआधी.