पुढच्या चाकातून घरघर येते, जुन्या गाडीचं बेअरिंगच गेलंय का?

घरघर गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल आणि न्यूट्रलला टाकूनही तशीच राहत असेल, तर संशय बेअरिंगवरच. (टायर वेडेवाकडे झिजले तरी असाच आवाज येतो, ते आधी बघा.) मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावीकडे वळवा, आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग, कारण भार तिकडे जातो. मग गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवा, एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा कॉइल स्प्रिंगवर ठेवा. खरखर असेल तर बोटांना लगेच जाणवते.

जुन्या गाड्यांत पुढे बहुतेक टेपर रोलर (निमुळत्या रोलरांची बेअरिंग) असतात, आत एक, बाहेर एक. दोन्ही बदला, हबमधल्या (चाकाच्या मधल्या भागातल्या) रेससकट, म्हणजे रोलर ज्यांवर फिरतात त्या कड्यांसकट. जुन्या रेसवर नवे रोलर म्हणजे पैसे पाण्यात. रेस पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) सगळीकडून थोडी थोडी ठोकत सरळ बसवा. तळाला टेकली की ठोक्याचा आवाजच बदलतो. ग्रीस रोलरांच्या मधे दाबून भरा, सील नवीन. चाक फिरवत नट आवळा, मग सैल करून नुसत्या बोटांनी घट्ट करा, नवी स्प्लिट पिन घाला. शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) असलेल्या हबला मात्र ही पद्धत चालत नाही, तिथे मॅन्युअलमधलाच टॉर्क (आवळण्याचा जोर).