पाणी जिरवा, पण आधी जमिनीला विचारा

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीचे चार पाइप थेट आवारात सोडले आहेत. जोराची सर आली की पार्किंगमध्ये घोट्यापर्यंत पाणी साचतं. पाणी जिरवणारी बाग करायची तर किती जागा लागेल? जमीन काळी आहे.
– सोसायटीच्या सचिव, कोथरूड, पुणे

उत्तर : जागेच्या आधी जमीन बघा. बाग करायची तिथे फूटभर रुंद, दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा आणि जिरू द्या. मग पुन्हा भरून पट्टीने तासाला पातळी किती उतरते ते मोजा. पहिलं भरणं धरायचं नाही. कोरडी काळी माती भेगांतून गटागटा पाणी पिते आणि एकदा फुगली की तोंड मिटते. एप्रिलमध्ये घाईने केलेली चाचणी म्हणूनच फसवते.

तासाला 12 मिमी किंवा त्याहून जास्त उतरलं तर नुसती खोलगट बाग पुरेल. तुमच्या काळ्या जमिनीत बहुधा तेवढं उतरणार नाही. मग तळाशी निचऱ्याचा पाइप हवाच.

आता हिशेब. एक चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. एका पाइपाकडे 100 चौरस मीटर गच्ची येते असं धरू. 25 मिमीची सर आली तर थोडं वाया जाऊन सुमारे 2,250 लिटर पाणी खाली येतं. बागेत 15 सेमी पाणी उभं राहू द्यायचं, म्हणजे 5 बाय 3 मीटरची बाग झाली. इमारतीच्या पायापासून आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीपासून ती निदान 3 मीटर लांब ठेवा.

खोदाई साधारण 95 सेमी. तळाला 20 मिमी खडीचा 20 सेमी थर, त्यातच 110 मिमीचा भोकांचा पीव्हीसी पाइप. त्यावर 10 सेमी बारीक चिप (दगडाचे बारीक तुकडे), मग 45 सेमी मिश्रण : तीन भाग धुतलेली जाड रेती, एक भाग पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. दगड दळून केलेली, न धुतलेली क्रश सँड नको. तिची पूड सगळं गच्च करते. ओलं शेणखतही नको. एका बागेला अडीच ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) आसपास मिश्रण लागतं. ते दबतं, म्हणून पावणेतीन मागवा. खडी आणि मातीच्या मध्ये कापड अंथरायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. गाळ आधी तिथेच धरतो, चिपचा थर तेच काम न तुंबता करतो. भरलेल्या मिश्रणावर जेसीबीचं चाक फिरलं, तर मात्र सगळं पुन्हा उकरावं लागेल.

गच्चीचं पाणी जिथे पडतं तिथे दोन फूट बाय दोन फूट गोटे रचा, नाहीतर पहिल्याच सरीत माती उखडेल. जादा पाणी जायला बागेतल्या मातीच्या पातळीपासून 15 सेमी वर तोंड असलेला उभा पाइप बसवा आणि तो पावसाळी गटाराला जोडा. मैल्याच्या ड्रेनेजला चुकूनही नाही. चेंबर उलटी वाहायला लागतात.

मधोमध वाळा, कर्दळ, नागदवणा. कडेने तगर, अडुळसा. वेखंड सुचवतात, पण कोरडे आठ महिने ते तग धरत नाही. वर नारळाच्या सोडणाचा चुरा टाकू नका, तो तरंगून पाइपाच्या तोंडाशी बसतो. लाकडाचे जाड तुकडे बरे.

एक स्पष्ट सांगायला हवं : ही सोय रोजच्या सरींसाठी आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला. तेवढा पडला तर याच 100 चौरस मीटरवर 94 हजार लिटर येईल, आणि ते बागेवरून पुढेच जाईल. म्हणून त्या उभ्या पाइपाची वाट मोकळी ठेवा.

प्रश्न : ठेकेदाराने ‘पाणी जिरणारे’ म्हणून पेव्हर ब्लॉक बसवले. पहिला पावसाळा बरा गेला, दुसऱ्यात तळं झालं. ब्लॉक बदलायचे का?
– वाचक, ठाणे

उत्तर : आधी दोन ब्लॉक उचलून खाली बघा. काँक्रीट किंवा दगडाची पूड दिसली तर ब्लॉकचा दोष नाही. खालचा पाया पाणी घेतच नाही. गाडीखाली 80 मिमी ब्लॉक, त्याखाली 5 सेमी बारीक चिप, 10 सेमी 20 मिमी खडी आणि 20–25 सेमी 40 मिमी खडी असायला हवी. सांध्यांत रेती नव्हे, 2 ते 5 मिमी चिप.

पाया ठीक असेल तर सांधे गाळाने बुजलेत. मे महिन्यात, सगळं कोरडं असताना, वरची दोनेक सेमी चिप खरवडून काढा, कडक झाडूने झाडा, नवी भरा. दरवर्षी. आणि शेजारच्या वाफ्याची माती ब्लॉकवर वाहून येत असेल, तर आधी त्याला कठडा घाला. नाहीतर हे काम कधी संपणार नाही. गवताच्या जाळीदार ब्लॉकचा मोह मात्र टाळा : दिवसभर गाडीखाली राहिलेलं गवत मरतं.

प्रश्न : डास होतील म्हणून कमिटी अशा बागेला नाही म्हणते.
– वाचक, पुणे

उत्तर : डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. बाग 48 तासांत कोरडी झाली तर प्रश्न नाही. पाऊस थांबल्यावर घड्याळ लावून बघा. जास्त वेळ पाणी राहिलं, तर वरचा 5–7 सेमी गाळाचा थर काढून ताजं मिश्रण टाका. शंका असलेल्या सभासदांना गच्चीवरच्या रिकाम्या कुंड्यांखालच्या बशाही एकदा दाखवा.